पारंब्या मोजणारा कंपनीचा कारकून

सुरतेच्या पांजरपोळात १७७२ साली एक म्हातारे कासव होते. ते तेथे ७५ वर्षांपासून असल्याचे सांगितले जाई. त्याच्या सोबतीला घोडे, खेचरे, बैल, मेंढ्या, शेळ्या, माकडे, कोंबड्या, कबुतरे असा मोठा गोतावळा होता. उंदीर, ढेकूण, पिसवा यांच्यासाठी स्वतंत्र कक्ष होता. त्या क्षुद्र जिवांचीही उपासमार होऊ नये म्हणून रस्त्यावरच्या एखाद्या भिकाऱ्याला मोबदला देऊन रात्रभर तेथे झोपवीत. अट एवढीच, की चावणाऱ्या किड्याला त्याने अंगावरून झटकायचे नाही. सुरतेस आलेल्या अनेक युरोपीय प्रवाशांनी या पांजरपोळाविषयी लिहिले आहे. परंतु कोणकोणते प्राणी होते, कोणता किती वर्षे तेथे होता, असा तपशील टिपून ठेवणारा माणूस होता ईस्ट इंडिया कंपनीचा एक तरुण नोकर, जेम्स फोर्ब्स.

गुजरातच्या इतिहासात फोर्ब्स हे आडनाव दोनदा येते. ‘रासमाला’ लिहिणारे अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्स एकोणिसाव्या शतकातले. जेम्स फोर्ब्स त्यांच्या आधीच्या पिढ्यांतला, पेशवाईच्या उत्तरार्धात पश्चिम किनाऱ्यावर वावरलेला. व्यवसायाने तो कारकून, पुढे सचिव आणि शेवटी कलेक्टर झाला. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्याला मिळाले नव्हते. तरीही झाडे, पक्षी, फुलपाखरे, साप, मंदिरे आणि माणसे यांची चित्रे व त्यासोबतची टिपणे मिळून त्याच्या संग्रहाचे १५० खंड आणि ५२,००० पृष्ठे झाली. एवढा पसारा पाहिला की प्रश्न पडतो तो त्याच्या कौशल्याविषयी नव्हे, त्याच्या सवयीविषयी. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहण्याची, मोजण्याची आणि रेखाटण्याची ही सवय त्याला कोठून लागली आणि तिने त्याला काय दिले?

फोर्ब्सचा जन्म १७४९ मध्ये लंडन येथे झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी तो घर सोडून जहाजावर चढला आणि १७६६ च्या प्रारंभी मुंबईस पोहोचला. कंपनीच्या नोकरीतील सर्वांत खालची पायरी म्हणजे ‘रायटर’; हिशेबाच्या वह्या लिहिणे आणि पत्रांच्या नकला करणे हे रायटरचे काम. पगार इतका तुटपुंजा, की मेणबत्ती आणि रात्रीचे जेवण परवडत नसल्याने सूर्यास्तानंतर लवकरच अंथरुणावर पडावे लागे, असे त्याने पुढे नमूद केले आहे. शुक्ल पक्षात मात्र घराच्या गच्चीवर चांदण्यात पुस्तक वाचता येई. दिवसभर नक्कल आणि रात्री अंधार अशा दिनक्रमात त्याने घरी धाडावयाच्या पत्रांसोबत चित्रे काढण्यास सुरुवात केली. मुंबईत कलाशाळा निघण्यास तेव्हा आणखी ९० वर्षे अवकाश होता. शिक्षक नव्हता, नमुने नव्हते. समोर होता तो निसर्गच.

निसर्गाची नक्कल करणे हे हिशेबाच्या नकलेइतके सोपे नाही, हे चित्र काढू लागणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी कळते. डोळ्यांना झाड हिरवे दिसते. हाताला मात्र पाने कोठून फुटतात ते ठरवावे लागते. रुईची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि खालची जोडी पूर्व-पश्चिम असली, तर वरची उत्तर-दक्षिण असते. वडाची पाने एकाआड एक येतात. हे लक्षात न घेता काढलेली फांदी कितीही डौलदार असली, तरी ती रुईचीही नसते आणि वडाचीही नसते. त्या काळात युरोपात लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या वर्गीकरणाचा बोलबाला होता. फुलातील पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजून वनस्पतीचा वर्ग ठरविण्याची ती पद्धत. त्यामुळे वनस्पतीचे चित्र काढणाऱ्याला मोजणे चुकतच नसे. मोजता मोजता आकृतिबंध दिसू लागतो, आणि एकदा तो दिसला की पुढचे पान कोठे येईल हे आधीच उमगते.

ज्या सुरतेत फोर्ब्स वावरला, तेथे आकृतिबंधाचे हे ज्ञान पोटापाण्याचे साधन होते. तापीच्या काठावरचे हे बंदर मोगल काळापासून कापडासाठी प्रसिद्ध. जरीचा किनखाब विणणाऱ्या कारागिराची वेलबुट्टी मागावर दोऱ्यांच्या नक्शात बांधलेली असे. नक्शा एकदा बांधला की तीच बुट्टी हव्या तितक्या वेळा उमटे. छिप्यांचा लाकडी ठसाही तसाच. रंगात बुडवून कापडावर दाबत गेले, की शंभरावे फूल पहिल्यासारखेच येई. सुरतेची पेटीकाम करणारी मंडळी हस्तिदंत, शिंग आणि लाकूड यांच्या बारीक कांड्या जुळवून त्यांचे पातळ काप काढीत. सादेली नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या जडावकामात एकच चांदणी सबंध पेटीभर फिरे. कारागिराच्या हातातील पुनरावृत्ती तंतोतंत असे. तिचे मोल तंतोतंतपणातच असे. निसर्गातील पुनरावृत्ती वेगळ्या जातीची आहे, आणि फोर्ब्सच्या वह्यांत दिसते ती हीच दुसरी जात.

याची जाणीव होण्याआधी एका नागाने त्याला निराळाच धडा दिला. एक गारुडी टोपलीतून नाग घेऊन त्याच्याकडे आला. फोर्ब्सने त्याला टेबलावर ठेवावयास सांगितले आणि पुरा एक तास तो त्या नागाचे चित्र काढीत बसला. अंगावरचे ठिपके, खवल्यांच्या रांगा आणि विशेषतः फण्यावरचे चष्म्यासारखे चिन्ह नीट दिसावे म्हणून त्याने नागाला अनेकदा हातानेही हाताळले. विषाचे दात आधीच काढले असणार, याविषयी त्याच्या मनात शंकाच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मुसलमान नोकर धावत आला आणि परमेश्वराचे आभार मानण्यास त्याला विनवू लागला. बाजारात फळे घेताना त्या नोकराने तोच गारुडी पाहिला होता. खेळ चालू असता त्याच नागाने गर्दीतील एका तरुण स्त्रीच्या गळ्याला दंश केला आणि सुमारे अर्ध्या तासात तिचा मृत्यू झाला.

ही हकीकत फोर्ब्सने स्वतःच लिहून ठेवली. तासभर तो नागाच्या इतका जवळ होता, की फण्यावरची प्रत्येक रेघ त्याने पाहिली. न दिसणारा दात मात्र त्याने गृहीत धरला. आकृती पाहणाऱ्या डोळ्याला आकृतीच्या मोहाने बाकीचे दिसेनासे होते. त्या सकाळनंतर त्याने चित्रे काढणे थांबविले नाही. मात्र पुढच्या वर्णनांत दिसण्याइतकेच वागण्यालाही स्थान आहे. प्राणी कसा दिसतो यासोबत तो कशाने बिथरतो, काय टाळतो आणि कशापुढे शांत होतो, हे त्यात येते.

कोकणातील घोयरा सरडा हे याचे उत्तम उदाहरण. १७७१ मध्ये प्रकृती सुधारावी म्हणून फोर्ब्स महाडजवळच्या दासगावी राहिला होता; तेथील उन्हाळे म्हणजे गरम पाण्याचे झरे तेव्हाही औषधी मानले जात. सावित्रीच्या खाडीचा आणि बाणकोटचा हा मुलूख त्याने बारकाईने पाहिला. कोकणातल्या घोयऱ्याची त्याने केलेली नोंद मापापासून सुरू होते. शेपटीसह लांबी सुमारे ९ इंच, त्यातील निम्मे अंग. मूळ रंग प्रसन्न हिरवा आणि त्यावर फिकट निळे ठिपके. मग रंग कसे पालटतात याचा क्रम येतो: हिरव्याचा झळझळीत पिवळा, त्याचा काळपट शेवाळी, त्याचा मळकट हिरवा. कुत्रा जवळ आला किंवा कोणी डिवचले की घोयरा अंग फुगवी आणि त्याच्या कातडीवर कासवाच्या पाठीसारखी पिवळी, नारिंगी, हिरवी, काळी नक्षी पसरे.

पुढची नोंद अधिक महत्त्वाची आहे. ज्या खोलीत हा घोयरा ठेवला होता, तिच्या भिंतींच्या पायथ्याशी काळ्या रंगाची फळी होती. घोयरा त्या फळीपासून दूर राही. चुकून जवळ गेला किंवा कोणी वाटेत काळी टोपी ठेवली, की त्याचे अंग आक्रसून हाडांचा सापळा होई आणि सगळे रंग जाऊन तो काळाकुट्ट दिसे. काळी वस्तू दूर केली की रंग परत येत आणि अंग पुन्हा भरे. टोपी ठेवून पाहणे आणि काढून पाहणे हे एकदा झाले तर तो योगायोग म्हणता येईल. दर वेळी तेच घडते हे पाहण्यासाठी ते अनेकदा करावे लागते. रंगाची पेटी घेऊन बसलेल्या माणसाला जो रंग कागदावर उतरवायचा तो क्षणात पालटतो, अशा अडचणीतून ही नोंद झाली. कारणाविषयीचा त्याचा अंदाज आजच्या शास्त्राला पटेल असे नाही. सरड्यांचे रंग भीती, राग, ऊन आणि थंडी यांनी पालटतात, हे नंतरच्या अभ्यासाने स्पष्ट केले. तरी क्रम आणि पुनरावृत्ती यांची नोंद त्याने चोख केली.

कंपनीने पुढे त्याला दक्षिणेस त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील अंजेंगोच्या वखारीत धाडले. किनाऱ्याने केलेल्या या प्रवासांत गोव्याचेही दर्शन त्याला घडले. जुन्या गोव्याची तेव्हा रया गेली होती. भव्य चर्चे उभी होती आणि त्यांच्याभोवतीचे शहर ओसरत चालले होते. फोर्ब्सने त्या ऱ्हासाविषयी लिहिले. किनाऱ्यावरची माड-पोफळीची रांग मुंबईपासून मलबारपर्यंत त्याच्या सोबतीला होती आणि त्याच्या वह्यांत ती पुन्हा पुन्हा उगवते.

मराठी वाचकाला फोर्ब्स जवळचा वाटावा, अशी घटना १७७५ मध्ये घडली. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर बारभाईंनी पदच्युत केलेले रघुनाथराव आश्रयासाठी सुरतेस आले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये कंपनीशी झालेला सुरतेचा तह हा पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचा आरंभ ठरला. वसई आणि साष्टी देण्याच्या बोलीवर राघोबांनी इंग्रजी फौज मिळविली. ही साष्टी मुंबईच्या उत्तरेची. मडगावची साष्टी नव्हे. कर्नल कीटिंग त्या फौजेचा प्रमुख आणि जेम्स फोर्ब्स त्याचा खासगी सचिव. अशा रीतीने हा चित्रकार पेशव्यांच्या गृहकलहाचा प्रत्यक्ष साक्षीदार झाला. १८ मे रोजी महीच्या परिसरातील अडास येथे रक्तपात झाला. त्यात इंग्रजांचेही अनेक अधिकारी पडले. त्यानंतर पावसाळ्यासाठी सैन्य डभोईकडे वळले.

गुजरातच्या सपाट मैदानात, तंबूंच्या छावणीत, फोर्ब्सने तो पावसाळा अनुभवला. पाऊस दर वर्षी येतो हे शेतकऱ्याला ठाऊक असते आणि कोणताही पाऊस मागच्यासारखा नसतो हेही ठाऊक असते. छावणीतल्या परक्या सैनिकांना यातले पहिलेही माहीत नव्हते. काळ्या मातीचा चिखल झाला, तंबू कोलमडले, जनावरे रुतली. याच मुक्कामात त्याने प्रथम डभोईचा किल्ला पाहिला. पुढे याच गावाचा कारभार आपल्या हाती येणार आहे, याची त्याला कल्पना नव्हती. आजारपणामुळे तो मायदेशी गेला, परत आला आणि १७७८ मध्ये भडोचच्या वखारीत रुजू झाला.

भडोचजवळ नर्मदेच्या पात्रातील बेटावर कबीरवड आहे. संत कबीरांचे नाव लाभलेला हा वड तेव्हाही तीर्थस्थान होता. फोर्ब्सच्या सबंध लेखनात एखादी गोष्ट केंद्रस्थानी आहे असे म्हणावयाचे झाले, तर ती हा वड. पुरांनी त्याचा मोठा भाग वाहून नेला होता, तरी मुख्य खोडांभोवतीचा घेर सुमारे २,००० फूट भरत असे. फोर्ब्सने दिलेल्या आकड्यांप्रमाणे मोठी खोडे ३५० आणि लहान ३,००० हून अधिक. सात हजार माणसे त्याच्या सावलीत विसावू शकत, असे सांगितले जाई. एक स्थानिक सरदार या वडाखाली छावणी देई, तेव्हा बैठकीचा, भोजनाचा, झोपण्याचा, स्नानाचा आणि स्वयंपाकाचा असे स्वतंत्र तंबू एकाच झाडाखाली मावत, असेही त्याने लिहून ठेवले.

वड आपल्याकडे गावोगावी आहेत. वटपौर्णिमेला त्यांच्याभोवती सूत गुंडाळले जाते. पारंबी म्हणजे काय हे मुलालाही सांगावे लागत नाही. युरोपातून आलेल्या डोळ्याला मात्र ती नवलाची गोष्ट होती. त्याच्या देशातील झाडाला मुळे खाली आणि फांद्या वर एवढीच दिशा ठाऊक. येथे फांदीतून मूळ सुटते, हवेत लोंबते, जमिनीला टेकते आणि खोड होते. त्या खोडाला फांद्या फुटतात, त्या फांद्यांतून पुन्हा मुळे सुटतात. एकाच साध्या नियमाची आवृत्ती होत राहते आणि तिच्यातून वन उभे राहते. मूळ खोड कोणते आणि नातू कोणता हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही. हे झाड चित्रात बसविणेही कठीण, कारण त्याला कडा नाही. चौकट कोठेही घातली तरी झाड तिच्या पलीकडे चालू राहते. फोर्ब्सने येथेही मोजण्याचाच आधार घेतला. ३५० हा आकडा म्हणजे डोळ्यांना न मावणारे झाड कागदावर आणण्याचा एक मार्ग होता.

सुगरण पक्ष्याच्या घरट्यांविषयी त्याने लिहिले तेही याच दृष्टीने. ताडाच्या झावळ्यांना बाटलीच्या आकाराची घरटी शेकड्यांनी लोंबत असत. प्रत्येक घरटे गवताच्या धाग्यांनी विणलेले, प्रवेश खालून, आत कप्पे. विणीचा प्रकार एकच. तरी कोणत्याही दोन घरट्यांची लांबी सारखी नाही, फुगवटा सारखा नाही. छिप्याचा ठसा आणि सुगरणीची चोच यांच्यातील फरक येथे स्पष्ट होतो. ठशात आकृती आधी असते आणि कापड नंतर येते. चोचीत फक्त कृती असते. आकृती प्रत्येक वेळी नव्याने घडते, कारण फांदी निराळी, वारा निराळा, गवताची काडी निराळी.

वडाखालच्या एका शिकारीची हकीकत त्याच्या लेखनातून पुढे अनेक पुस्तकांत गेली. त्याच्या एका मित्राने एक वानरी मारली आणि तंबूत आणली. थोड्याच वेळात चाळीस-पन्नास वानरांनी तंबूला वेढा घातला. बंदूक रोखताच बाकीचे मागे हटले. कळपाचा नायक मात्र तेथेच उभा राहून ओरडत राहिला. शेवटी तो तंबूच्या दाराशी आला. त्याचा आवाज बदलला, तो विव्हळू लागला आणि हातवाऱ्यांनी प्रेत मागू लागला. ते त्याला देण्यात आले. त्याने ते दोन्ही हातांत उचलले, छातीशी धरले आणि आपल्या सोबत्यांकडे नेले. ज्यांनी हे दृश्य पाहिले, त्यांनी पुन्हा वानरावर गोळी न झाडण्याचा निश्चय केला. शिकारी मंडळींच्या लेखी तोवर वानर म्हणजे फांदीवरची एक आकृती होती, एकीसारखीच दुसरी. ज्या क्षणी त्यांतील एकाचे दुःख वेगळे दिसले, त्या क्षणी बंदुका खाली आल्या.

१७८० मध्ये जनरल गोडार्डच्या फौजेने डभोई घेतली आणि फोर्ब्स तेथील कलेक्टर झाला. डभोईचा तट आणि त्याचे हिराद्वार सोळंकी-वाघेला काळातील शिल्पवैभवाचा नमुना आहेत. हत्ती, योद्धे, नर्तकी आणि वेली यांच्या रांगांवर रांगा दगडात चालतात. येथे फोर्ब्सला अशा कलेची संगत लाभली, जी निसर्गातील पुनरावृत्ती केव्हाच ओळखून बसली होती. हिंदू शिल्पकाराने शिखरावर लहान शिखरे आणि त्यांवर आणखी लहान शिखरे रचली, तेव्हा पारंब्यांचाच नियम त्याने दगडाला लावला होता. फोर्ब्सने हे दरवाजे आणि भग्न मंदिरे रेखाटली.

गावातील वानरांविषयीची त्याची नोंद मिस्किल आहे. डभोईत वानरांची संख्या मोठी आणि त्यांना कोणी मारीत नसे. पावसाळ्याच्या तोंडाशी एखाद्याला शेजाऱ्यावर सूड उगवायचा असेल, तर तो शेजाऱ्याच्या कौलांवर तांदूळ टाकी. वानरे येत, वरचे दाणे वेचीत आणि फटींत गेलेल्या दाण्यांसाठी कौले उचकटीत. त्या दिवसांत शाकारणी करणारा माणूस मिळणे दुरापास्त, आणि मग पहिल्या पावसात शेजाऱ्याचे घर गळू लागे. ऋतूचा क्रम, वानरांचा स्वभाव आणि माणसाचे वैर या तिन्ही गोष्टी ठरलेल्या वेळी ठरल्याप्रमाणे घडतात, हे ओळखणाराच असा सूड उगवू शकतो. गावकऱ्यांचे निरीक्षण कलेक्टरच्या निरीक्षणाहून कमी नव्हते.

डभोईतील फोर्ब्सच्या वास्तव्याला दुसरीही बाजू आहे. ज्या शेतांतील पिके तो रेखाटीत होता, त्याच शेतांचा सारा गोळा करणे हे त्याचे काम होते. १७८२ च्या सालबाईच्या तहाने भडोच आणि डभोई मराठ्यांना परत मिळाले आणि १७८३ मध्ये त्याला ठाणे सोडावे लागले. निघताना गावकऱ्यांनी त्याला काही भेट घेण्याचा आग्रह केला. त्याने मागितले ते पडक्या मंदिरांतील शिल्पांचे काही लहान तुकडे. ख्रिस्ती माणसाला हिंदू मूर्ती कशाला हव्यात, असा प्रश्न गावकऱ्यांना पडला. युरोपातील मित्रांना येथील कला दाखवावयाची आहे, हे त्याचे उत्तर. ते दगड इंग्लंडला गेले आणि लंडनजवळ स्टॅनमोर येथील त्याच्या बागेत, लिंडन वृक्षांच्या राईत, एका अष्टकोनी देवळीत बसविले गेले. गावाने ते राजीखुशीने दिले, असे तो लिहितो. परंतु सत्ताधारी अधिकाऱ्याने मागितलेली वस्तू नाकारणे सामान्यांना कितपत शक्य होते, हा प्रश्न त्याच्या वर्णनातून सुटत नाही. आपल्या रांगेतून निखळलेले ते शिल्प स्टॅनमोरला सुटे नमुने होऊन राहिले.

१७८४ मध्ये फोर्ब्सने हिंदुस्थान कायमचा सोडला. तेव्हा तो पस्तिशीचाही नव्हता. उरलेल्या आयुष्यात त्याने केले काय, तर पुन्हा नक्कल. १७९४ ते १८०० या काळात जुनी पत्रे आणि चित्रे त्याने पुन्हा एकदा स्वच्छ उतरवून काढली. ते १३ खंड आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. त्याच संग्रहात गंगाराम चिंतामण तांबट या पुण्यातील मराठी कलावंताचीही चित्रे आहेत. वेरूळची लेणी रेखाटणाऱ्या गंगारामाने १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्र काढले होते. गेंड्याच्या कातडीच्या घड्या आणि फोर्ब्सच्या नागाची खवले एकाच छपराखाली येऊन थांबली आहेत. फोर्ब्सच्या मागे मात्र ५२,००० पृष्ठांची साक्ष आहे. गंगारामाचे स्वतःचे म्हणणे कोणी लिहून घेतले नाही.

१८०३ मध्ये पत्नी आणि कन्येसह फ्रान्समध्ये गेला असता युद्ध पेटल्याने फोर्ब्स तेथे अडकला आणि व्हेर्दून येथे नजरकैदेत पडला. जोसेफ बँक्स या नामवंत निसर्गशास्त्रज्ञाने रदबदली केली आणि १८०४ मध्ये त्याची सुटका झाली. शत्रुराष्ट्रांतील विद्वानांनी एकमेकांचा शब्द मानला, म्हणून हे घडले. १८१३ पासून ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ हा त्याचा चार खंडांचा ग्रंथ प्रकाशित झाला. त्यात ९३ चित्रे होती. दीडशे खंडांच्या सामग्रीतून एवढेच जगापुढे आले.

याच फोर्ब्सने १८१० मध्ये हिंदूंचे धर्मांतर करण्याची आवश्यकता प्रतिपादन करणारी पुस्तिका लिहिली. हिंदूंच्या देवळातील दगड ज्याने बागेत जपले, पांजरपोळातील कासवाची ज्याने आवर्जून नोंद घेतली, वडाच्या ३५० खोडांत ज्याने एकच जीव पाहिला, त्याला माणसांच्या श्रद्धा मात्र एकाच ठशाच्या हव्या होत्या. त्याच्या काळातील इंग्रज समाजात हा विचार अपवादात्मक नव्हता. तरीही त्याचे चरित्र सांगताना तो वगळता येत नाही. पाना-पानातील भेद टिपणाऱ्या दृष्टीला माणसा-माणसांतील भेद मान्य व्हावेतच, असा नियम नाही.

उतारवयात त्याचा सर्वांत मोठा आनंद म्हणजे नातू. कन्या एलिझाबेथचा विवाह फ्रेंच सरदार माँतालांबेर याच्याशी झाला होता आणि १८१० मध्ये जन्मलेला शार्ल स्टॅनमोरला आजोबांच्या सहवासात वाढत होता. पुढे फ्रान्सच्या सार्वजनिक जीवनात वक्ता आणि इतिहासकार म्हणून गाजलेला तो हाच. १८१९ मध्ये ९ वर्षांच्या शार्लला आईवडिलांकडे पोहोचविण्यासाठी फोर्ब्स निघाला. वाटेत आखेन येथे तो आजारी पडला आणि १ ऑगस्ट रोजी त्याचे निधन झाले. त्या वेळी त्याच्याजवळ तो लहानगा नातू होता.

पुढे कन्येने ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ची दोन खंडांची सुटसुटीत आवृत्ती १८३४ मध्ये काढली आणि वडिलांचे नाव आणखी काही काळ वाचकांपुढे राहिले. सुरतेत सादेली करणारी मोजकी घराणी आजही आहेत. कबीरवड नर्मदेच्या बेटावर उभा आहे. भाविक नावेने तेथे जातात. गेल्या अडीच शतकांत पुरांनी त्याची कित्येक खोडे नेली आणि पारंब्यांनी कित्येक नवी दिली. फोर्ब्सच्या वेळचे खोड कोणते, हे आता दाखविता येत नाही.